‘पर्यायाने’, ‘अप्रत्यक्षपणे’ की ‘अपरोक्षपणे’? इतिवृत्तातील एका शब्दाविषयी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही निसटले असल्यास तुम्हाला सांगता येईल. तुम्ही मुंबईच्या उपनगरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहात. वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च चर्चेला आला, तेव्हा एक सभासद उठून म्हणाले, “गच्चीच्या लाद्या कमी पडल्या याचे मला नवल वाटत नाही. त्याच महिन्यात काही घरांच्या बाल्कनीत नव्या लाद्या बसल्या म्हणे.” त्यांनी नाव कोणाचेही घेतले नाही, पण सभागृहातल्या बऱ्याच माना माजी खजिनदारांकडे वळल्या. तुम्ही इतिवृत्ताच्या मसुद्यात लिहिले, ‘सदर सभासदांनी माजी खजिनदारांवर पर्यायाने आरोप केला.’ समितीतील एकाने ‘पर्यायाने’ खोडून ‘अप्रत्यक्षपणे’ केले, दुसऱ्याने ‘अपरोक्षपणे’ हा अधिक भारदस्त शब्द सुचवला, आणि मसुदा वाचून माजी खजिनदारांनी पत्र पाठवले की हा आरोप आपल्यावरच होता, हे सचिवांनी कशावरून ठरवले? या तिघांपैकी बरोबर शब्द कोणता, असे तुम्ही विचारता.

मी मुंबईत मराठी मजकुराचे संपादन आणि मुद्रितशोधन करते. संस्थांचे अहवाल, इतिवृत्ते, नोटिसा, स्मरणिका आणि मधूनमधून वृत्तपत्रीय मजकूर माझ्या हाताखालून जातो, त्यामुळे हा गोंधळ मला नवीन नाही. तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की ‘अपरोक्षपणे’ येथे चुकीचा आहे, ‘पर्यायाने’ चुकीचा नसला तरी वाचकाला दुसरीकडे नेणारा आहे, आणि ‘अप्रत्यक्षपणे’ अर्थाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा आहे. तरीही इतिवृत्तात मी तिन्ही शब्द ठेवणार नाही, कारण खरा पेच शब्दाच्या निवडीचा नाही. माजी खजिनदारांनी पत्रात जो प्रश्न विचारला आहे, तोच खरा प्रश्न आहे. हेच वाक्य बातमीत, खाजगी पत्रात किंवा एखाद्या लेखात असते, तर माझे उत्तर वेगळे असते. शिवाय सभेत नेमके कोणते शब्द उच्चारले गेले यावरही बरेच अवलंबून आहे, आणि ते शब्द तुम्ही जसे दिले आहेत तसेच होते असे धरून मी पुढे लिहिते.

‘अपरोक्ष’ आधी निकालात काढते. ‘अक्ष’ म्हणजे डोळा, आणि व्यापक अर्थाने कोणतेही इंद्रिय. डोळ्यांसमोर असते ते प्रत्यक्ष, डोळ्यांच्या पलीकडे असते ते परोक्ष. पाणिनीच्या ‘परोक्षे लिट्’ या सूत्रात हाच अर्थ आहे: बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळातील घटनेसाठी क्रियापदाचे एक वेगळे रूप वापरायचे. आता परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, तर त्याला ‘अ’ लावून झालेला अपरोक्ष म्हणजे डोळ्यांआड नसलेला, थेट समोरचा. वेदान्तात ‘अपरोक्ष ज्ञान’ म्हणतात ते साक्षात अनुभवाला आलेल्या ज्ञानाला. मराठी बोलण्यात मात्र ‘माझ्या अपरोक्ष त्यांनी निर्णय घेतला’ असे सर्रास ऐकू येते आणि बोलणाऱ्याला म्हणायचे असते नेमके उलटे, म्हणजे ‘माझ्या गैरहजेरीत’. याचे कारण मला असे वाटते की ‘अ’ आला की काहीतरी नाकारले जात आहे एवढेच कानाला कळते, आणि ‘प्रत्यक्ष–अप्रत्यक्ष’ या जोडीच्या चालीवर ‘अपरोक्ष’ आपोआप नकाराच्या बाजूला जाऊन बसतो. त्यात मुंबईत हिंदीचा शेजार आहे. हिंदीत ‘परोक्ष रूप से’ म्हणजे आपल्या अर्थाने अप्रत्यक्षपणे, आणि अप्रत्यक्ष कराला तिकडे ‘परोक्ष कर’ असेही म्हणतात. मराठीत परोक्ष हा शब्द मुख्यतः गैरहजेरीपुरता राहिला आहे.

तुमच्या बाबतीत याचा परिणाम मोठा गमतीचा होतो. माजी खजिनदार सभेला हजर होते, म्हणजे त्यांच्या परोक्ष काहीच घडले नाही. आणि कोशातला अर्थ धरला तर ‘अपरोक्षपणे आरोप केला’ याचा अर्थ ‘समोरासमोर, थेट आरोप केला’ असा होतो, जो तुम्हाला मुळीच अभिप्रेत नाही. अर्धे वाचक एक अर्थ घेतील आणि अर्धे त्याच्या उलट, असा शब्द कोणत्याही नोंदीत असू नये. गैरहजेरीबद्दल लिहायचे झाले, तर मी परोक्ष आणि अपरोक्ष दोन्ही टाळून ‘गैरहजेरीत’ किंवा ‘माघारी’ असे लिहिते. हे शब्द कमी भारदस्त असतील, पण त्यांवरून कधी भांडण झालेले मी पाहिलेले नाही.

आता ‘पर्यायाने’ हा तुमचा स्वतःचा शब्द. तो तुम्हाला का सुचला हे मला समजते, कारण त्याच्या मुळाशी वळसाच आहे. ‘परि’ म्हणजे सभोवती आणि ‘इ’ हा जाण्याचा धातू, यांपासून तो बनतो. संस्कृत अलंकारशास्त्रात ‘पर्यायोक्त’ नावाचा अलंकार आहे, त्याला मराठीत आपण पर्यायोक्ती म्हणतो. सांगायचे ते सरळ न सांगता वेगळ्या रीतीने सांगायचे. अमुक गृहस्थ तुरुंगात आहेत असे न म्हणता ‘ते सध्या सरकारी पाहुणचार घेत आहेत’ म्हणणे, ही पर्यायोक्ती. म्हणजे ‘पर्यायाने सुचवले’, ‘पर्यायाने बोलले’ हा प्रयोग मुळात खोटा नाही, आणि कोणी जुन्या वळणाचा वाचक तुमच्या मसुद्याला चूक म्हणणार नाही.

अडचण अशी की आजच्या मराठीत हे क्रियाविशेषण दुसऱ्याच कामाला जुंपले गेले आहे. आजचा वाचक ‘पर्यायाने’ वाचतो तेव्हा त्याला ‘आणि म्हणून ओघानेच’ असे ऐकू येते. ‘लोकल उशिरा धावल्या की कर्मचारी उशिरा पोहोचतात आणि पर्यायाने कामाचे तास वाया जातात.’ ‘पाण्याची टाकी गळत राहिली तर संस्थेचे आणि पर्यायाने प्रत्येक सभासदाचे नुकसान आहे.’ या वाक्यांत दोन गोष्टी आहेत. पहिलीवर घाव थेट बसतो आणि तिच्यातून तो दुसरीपर्यंत पोहोचतो. शब्दाच्या आधी बहुधा ‘आणि’ असतो, तो उगाच नसतो. ज्या वाक्यात अशी पहिली गोष्टच नाही, तेथे ‘पर्यायाने’ लोंबकळत राहतो. मी मजकूर तपासताना या शब्दाच्या जागी ‘आणि त्यामुळे ओघाने’ घालून वाक्य वाचून पाहते. अर्थ टिकला तर शब्द राहतो, नाही तर त्याखाली रेघ ओढते. ‘माजी खजिनदारांवर त्यामुळे ओघाने आरोप केला’ हे वाचून पाहा, कशामुळे हा प्रश्न लगेच उभा राहतो.

यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. समजा, ते सभासद असे म्हणाले असते की ‘मागच्या समितीच्या काळात दुरुस्तीच्या सामानाचा हिशेबच ठेवला गेला नाही.’ तर ‘मागील समितीवर आणि पर्यायाने तत्कालीन खजिनदारांवर ठपका ठेवला’ हे वाक्य भाषेच्या दृष्टीने अगदी योग्य ठरले असते. खजिनदार त्या समितीत होते, हिशेब त्यांच्याकडे होता, म्हणून समितीवरचा ठपका त्यांच्यापर्यंत आपोआप जातो. पण तो आरोप निष्काळजीपणाचा झाला असता. प्रत्यक्षात जे सुचवले गेले ते फार वेगळे आहे: संस्थेच्या लाद्या कोणाच्या तरी घरात गेल्या. तुमच्या मसुद्यात ‘पर्यायाने’ आल्यामुळे पाच वर्षांनी हे इतिवृत्त उघडणाऱ्या माणसाला या दोहोंपैकी काय घडले ते कळणार नाही. बोलण्याची तऱ्हा वळशाची होती की आरोपाची व्याप्ती वळशाने वाढत होती, हा फरक त्या एका शब्दात बुडून जातो.

जाता जाता, याच शब्दाची आणखी एक चूक मुंबईच्या सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर हमखास दिसते. ‘लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे, पर्यायाने सभासदांनी जिन्याचा वापर करावा.’ येथे म्हणायचे असते ‘पर्याय म्हणून’. ‘पर्यायाने’, ‘पर्यायी’ आणि ‘पर्याय म्हणून’ ही एकाच घरातली माणसे असली तरी एकाच्या जागी दुसऱ्याला उभे करता येत नाही.

‘अप्रत्यक्षपणे’ याविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण तो शब्द स्वच्छ आहे. मध्ये काहीतरी किंवा कोणीतरी आहे, एवढेच तो सांगतो. वस्तू आणि सेवा कर सरकारकडे भरतो दुकानदार, पण ओझे येते ग्राहकावर, म्हणून तो अप्रत्यक्ष कर. राष्ट्रपतींना आपण स्वतः मत देत नाही, निवडून आलेले खासदार आणि आमदार देतात, म्हणून ती निवडणूक अप्रत्यक्ष. बोलण्याच्या बाबतीत मध्ये असतो तो दुसराच विषय: बोलणे चालले आहे बाल्कनीतल्या लाद्यांबद्दल आणि पोहोचवायचे आहे माणसापर्यंत. तेव्हा ‘अप्रत्यक्षपणे आरोप केला’ ही रचना निर्दोष आहे. ‘अप्रत्यक्षरीत्या’ लिहिले तरी चालेल, मात्र ‘री’ दीर्घ हवी आणि शब्द जोडून हवा. ‘अप्रत्यक्ष रित्या’ असे तोडून आणि ऱ्हस्व करून लिहिलेले इतके दिसते की आता बरोबर लिहिलेलेच लोकांना खटकते.

मग हा शब्द इतिवृत्तात का नको? ‘जोरात बोलले’, ‘हळू बोलले’, ‘उभे राहून बोलले’ यांत क्रियाविशेषण बोलण्याचे वर्णन करते आणि सभेला हजर असलेला कोणीही त्याची खात्री देऊ शकतो. ‘अप्रत्यक्षपणे’ दिसायला तसाच शब्द आहे, पण त्याचे काम निराळे आहे. ‘त्यांनी अमुकांवर अप्रत्यक्षपणे आरोप केला’ असे जो लिहितो, तो खरे तर सांगत असतो की ‘त्यांनी अमुकांचे नाव घेतले नाही, आरोपाचे शब्दही उच्चारले नाहीत, पण त्यांच्या मनात हेच नाव आणि हाच आरोप होता असे मला वाटते.’ वाक्याचा कर्ता सभासद आहे, निष्कर्ष मात्र लिहिणाऱ्याचा, आणि लिहिणारा वाक्यात कोठेच दिसत नाही. तुमच्या माजी खजिनदारांनी बोट ठेवले आहे ते येथे, आणि मला वाटते त्यांचे म्हणणे योग्य आहे.

सूचित अर्थ किती निसरडा असतो, याचे उदाहरण आपल्या जुन्या काव्यशास्त्रातच आहे. ‘सूर्य मावळला’ हे साधे वाक्य घ्या. गुराख्याला ते गुरे घरी वळवायला सांगते, कामकऱ्याला काम थांबवायला, सेनापतीला छाप्याची वेळ झाली म्हणून आणि प्रेयसीला संकेतस्थळी निघायची घटका आली म्हणून. शब्द तेच, ऐकणारा बदलला की अर्थ बदलला. या शक्तीला व्यंजना म्हणतात. कवितेत ती वैभव असेल, इतिवृत्तात ती डोकेदुखी आहे. तुमच्या सभेत ज्यांनी माना वळवल्या, त्यांना माजी खजिनदारांच्या बाल्कनीचे काम आधीच ठाऊक असणार. ज्यांना ते ठाऊक नव्हते, त्यांनी तेच वाक्य ऐकून काहीच अर्थ घेतला नसेल, किंवा आपल्या मजल्यावरच्या आणखी कोणाचा तरी विचार केला असेल.

आपल्याकडे या प्रकाराला ‘लेकी बोले सुने लागे’ अशी म्हण आहेच. बोलणारी मुलीला रागावते आणि झोंबते सुनेला. पण म्हणीतही ‘लागे’ हे क्रियापद सुनेकडे आहे. सासूने तिला लावले असे म्हण सांगत नाही. विचारले तर सासू म्हणू शकते, ‘मी माझ्या लेकीला बोलले.’ आडून बोलण्याची सगळी सोय याच पळवाटेत असते, आणि म्हणून ती पळवाट आपण आपल्या पदरच्या शब्दाने बंद करून टाकणे हे नोंद लिहिणाऱ्याचे काम नव्हे.

देशी शब्दांचा मोह तर आणखी टाळा. ‘आडून’ किंवा ‘आडून आडून’ म्हणताच लपूनछपून बोलण्याचा भाव येतो, ‘आडवळणाने’ थोडा सौम्य आहे, ‘सूचकपणे’ यात बोलणाऱ्याचा हेतू आपण गृहीत धरतो, ‘तिरकसपणे’ आणि ‘खोचकपणे’ यांत तर स्वभावाचेच प्रमाणपत्र दिले जाते. ‘मोघमपणे’ याचा अर्थ अगदीच वेगळा, की रोख कोणाकडेच स्पष्ट नव्हता. ललित लेखात मी हे सगळे शब्द आनंदाने ठेवीन. त्यांच्यात माणसे दिसतात. सचिवाने सही करायच्या कागदावर ठेवणार नाही.

वृत्तपत्रांनी या अडचणीतून एक वाट काढली आहे, ती म्हणजे ‘नाव न घेता’. शिवाजी पार्कवरच्या सभांच्या बातम्या वाचल्यात तर ‘अमुक नेत्यांचे नाव न घेता टीका केली’ हे वाक्य कधी ना कधी भेटतेच. यातला विनोद असा की वक्त्याने जे नाव घेण्याचे टाळले, ते बातमीदार घेऊन मोकळा होतो. तरीही हा प्रयोग ‘अप्रत्यक्षपणे’पेक्षा प्रामाणिक आहे, कारण नाव घेतले गेले नाही ही गोष्ट ध्वनिमुद्रणावरून कोणालाही तपासता येते. ‘त्यांचा रोख अमुकांकडे होता’ किंवा ‘रोख असल्याचे मानले जाते’ अशीही वाक्ये येतात. बातमीला ते चालते, कारण बातमीदाराने संदर्भ उलगडून सांगावा ही वाचकाची अपेक्षाच असते आणि त्याची जबाबदारी घ्यायला संपादक बसलेला असतो. सचिवाकडून कोणी उलगडून सांगण्याची अपेक्षा करत नाही.

येथे एक फरक सांगायलाच हवा, कारण त्यावर माझे उत्तर बदलते. नाव न घेणे म्हणजे नेहमीच अप्रत्यक्ष बोलणे नव्हे. ‘गेल्या दोन वर्षांत गच्चीच्या खोलीची चावी ज्यांच्याकडे होती त्यांनी लाद्या नेल्या’ असे कोणी म्हणाले आणि चावी एकाच माणसाकडे होती हे सर्वांना माहीत असेल, तर ते नाव घेण्यासारखेच आहे. वर्णन एकाच व्यक्तीला लागू पडत असेल, तर उल्लेख थेट झाला. तुमच्या सभेतले शब्द होते ‘काही घरांच्या बाल्कनीत’. ‘काही’ हे अनेकवचन आहे आणि ते बोलणाऱ्याने जाणूनबुजून वापरले असेल किंवा नसेल, पण त्यामुळे वर्णन एका माणसापाशी येऊन थांबत नाही. त्या इमारतीत त्या महिन्यात एकाच घराची बाल्कनी झाली होती का, हे मला येथून सांगता येणार नाही. तुम्हालाही इतिवृत्त लिहिताना ते ठरवण्याची गरज नाही.

आणि त्या वाक्याच्या शेवटी आलेला ‘म्हणे’ तुमच्या मसुद्यातून पूर्ण गळला, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. मराठीतला हा दोन अक्षरांचा शब्द फार कामाचा आहे. ‘ते घर विकणार’ आणि ‘ते घर विकणार म्हणे’ यांत बातमी तीच असली तरी दुसऱ्या वाक्यात बोलणारा बाजूला सरकतो: हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. म्हणजे तुमच्या सभासदांचे बोलणे दोन अंगांनी अप्रत्यक्ष होते. कोणाबद्दल बोलतो ते त्यांनी उघड केले नाही, आणि आपण कशाच्या आधारे बोलतो तेही दुसऱ्यांच्या तोंडावर ढकलले. ‘अप्रत्यक्षपणे आरोप केला’ या शब्दयोजनेत पहिले अंग कसेबसे येते, दुसरे येतच नाही. उद्या चौकशी झालीच, तर ‘तुम्ही स्वतः पाहिले का’ हा पहिला प्रश्न असेल, आणि त्याचे उत्तर त्या ‘म्हणे’मध्ये आधीच दिलेले आहे. औपचारिक मराठीत ‘म्हणे’ ठेवता येत नसेल तर ‘ऐकण्यात आले’ असे लिहावे, पण तो अर्थ सोडू नये.

कायद्याचा सल्ला देणे माझे काम नाही, तो वकिलाकडून घ्यावा. पण भाषेशी संबंधित एक गोष्ट नोंदवते. आडून बोलले म्हणजे सुरक्षित, हा समज खरा नाही. अब्रुनुकसानीची व्याख्या 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 499 मध्ये होती, ती 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 356 मध्ये आली आहे. पर्यायी रूपात किंवा उपरोधाने केलेले दोषारोपणही अब्रुनुकसानी ठरू शकते, असे तेथील स्पष्टीकरणातच म्हटले आहे. तेथे दिलेली उदाहरणे भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावीत अशी आहेत. ‘ख’ आणि ‘ग’ अशी दोन माणसे समजा. खच्या घड्याळाच्या चोरीबद्दल एकजण म्हणतो, ‘ग प्रामाणिक माणूस आहे, त्याने खचे घड्याळ कधीच चोरले नाही’, आणि त्याचा हेतू असतो की गनेच चोरले असे लोकांना वाटावे. दुसऱ्या उदाहरणात कोणी चोरले असे विचारल्यावर तो नुसता गकडे बोट दाखवतो. तिसऱ्यात तो ग घड्याळ घेऊन पळत असल्याचे चित्र काढतो. तिन्हींत ‘ग चोर आहे’ असे शब्द कोठेच नाहीत. मात्र त्या कलमात आरोप करणाऱ्याबरोबर तो प्रसिद्ध करणाऱ्याचाही उल्लेख आहे, आणि सर्व सभासदांना वाटले जाणारे इतिवृत्त लिहिताना हे ध्यानात असलेले बरे. सभासदाने जे नाव घेतले नाही, ते तुमच्या कागदाने घेतले आहे.

एवढे पाहिल्यावर मसुद्यातले वाक्य मी असे लिहीन: ‘गच्चीच्या दुरुस्तीच्या खर्चावरील चर्चेत सदनिका क्रमांक अमुकमधील सभासदांनी, गच्चीसाठी आणलेल्या लाद्या कमी पडल्याचे नवल वाटत नसल्याचे सांगितले आणि त्याच महिन्यात काही घरांच्या बाल्कनीत नव्या लाद्या बसवल्याचे ऐकण्यात आले, असे विधान केले. त्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही.’ यात ‘आरोप’ हा शब्दही नाही हे लक्षात आले असेल. ‘विधान केले’ थोडे कोरडे आहे, पण ‘आरोप’ हाही निष्कर्षच आहे. शेवटचे छोटे वाक्य मात्र ठेवाच, कारण नाव घेतले गेले नाही ही सभेत घडलेलीच गोष्ट आहे आणि पुढे तिचा उपयोग बोलणाऱ्याला होईल किंवा ज्यांना ते लागले त्यांना, हे आज सांगता येत नाही. त्यानंतर अध्यक्षांनी काही निर्देश दिले असतील, लाद्यांच्या खरेदीची बिले मागवली असतील, तर ते लिहा. माना कोणाकडे वळल्या ते लिहू नका.

माजी खजिनदार सभेतच उठून काही बोलले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. बोलले असतील तर तुमचे काम सोपे आहे, कारण मग दुवा जोडणारे तुम्ही नसता, ते स्वतः असतात: ‘हे विधान आपल्याला उद्देशून असल्याचे समजून माजी खजिनदारांनी खुलासा केला की…’ आणि पुढे त्यांचा खुलासा जसाच्या तसा. ‘समजून’ हा एक शब्द तेथे मोलाचा आहे. तो काढून ‘आपल्याला उद्देशून केलेल्या विधानावर’ असे लिहिलेत तर पुन्हा निष्कर्ष तुमच्या पदरी येतो. ते सभेत गप्प राहिले असतील आणि फक्त पत्रच पाठवले असेल, तर ते पत्र या इतिवृत्तात घुसवू नका, कारण ते सभेत घडलेले नाही. मसुदा अजून कायम झालेला नाही, तेव्हा वाक्य आताच बदलून सुधारित मसुदा पाठवा, आणि पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय येईल तेव्हा त्यांचे पत्र आल्याची आणि त्यानुसार मसुद्यातील वाक्य बदलल्याची नोंद करा. त्या नोंदीतही ‘माजी खजिनदारांवरील अप्रत्यक्ष आरोपाबाबतचे पत्र’ असे न लिहिता ‘गच्चीच्या लाद्यांबाबतच्या विधानासंबंधी माजी खजिनदारांचे पत्र’ असे लिहावे, नाहीतर जो शब्द पुढच्या दाराने घालवला तोच मागच्या दाराने परत आत येईल.